जमीन विकली, बाकी उत्पन्न जेमतेम: आयकराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुदामा नगर, लोकमान्य नगर, रामबाग, तिलक नगर अशा इंदूरच्या मराठी वस्त्यांतून हे प्रश्न फिरून फिरून येतात. विचारणारी माणसं साधारण सारखीच असतात: नावावर एक प्लॉट असलेली गृहिणी, कुटुंब निवृत्तिवेतनावर राहणारी काकू, वडिलांची जमीन वाटून घेणारी भावंडं. खालचे सगळे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षात, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळात झालेल्या रजिस्ट्रीला लागू आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर अधिनियम, २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. इथे दिलेले क्रमांक १९६१ च्या कायद्यातले आहेत, कारण या व्यवहारांना तोच कायदा लागतो.

मला दुसरं काहीच उत्पन्न नाही. मग कर कशाचा?

जमीन विकून झालेला नफा हेच उत्पन्न. तो ज्या वर्षी झाला त्या वर्षी तुम्ही आयकराच्या दृष्टीने कमावत्या. एरवी वर्षानुवर्षं रिटर्न भरलं नसलं तरी त्याने फरक पडत नाही. मात्र कर विक्रीच्या पूर्ण रकमेवर नसतो, नफ्यावर असतो. आणि बाकी उत्पन्न कमी असणाऱ्याला कायद्याने एक मोठी सोय दिलेली आहे, ती पुढे येतेच.

नफा कसा मोजायचा?

विक्रीच्या किमतीतून तीन गोष्टी वजा करा: विकताना झालेला खर्च (दलाली, वकिलाची फी), घेतानाची किंमत, आणि मधल्या काळात जमिनीवर केलेला भांडवली खर्च. घेतानाच्या किमतीत तेव्हाची स्टँप ड्युटी आणि रजिस्ट्रीचा खर्चही धरायचा. हे बहुतेक जण विसरतात. बाउंड्री वॉल बांधली, बोअर केला, डायव्हर्शनची (शेतजमीन बिगरशेती करण्याची) रक्कम भरली, तर पावत्या शोधून काढा. दरवर्षीचा मालमत्ता कर किंवा राखणदाराचा पगार यात बसत नाही.

प्लॉट आजोबांनी १९७५ च्या सुमारास घेतला होता. आमची खरेदी किंमत शून्य धरायची का?

नाही. वारशाने आलेल्या जमिनीला ज्या पूर्वजाने ती पैसे देऊन घेतली त्याची किंमत लागते, आणि त्याने ती सांभाळलेला काळही तुमच्याच काळात धरला जातो. म्हणजे वारसा गेल्या वर्षी आला असला तरी जमीन दीर्घ मुदतीचीच, म्हणजे २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवलेली. खरेदी १ एप्रिल २००१ च्या आधीची असेल तर त्या तारखेची बाजारभावाने किंमत धरण्याची मुभा आहे. अट एवढीच की ती त्या दिवशीच्या सरकारी गाइडलाइन किमतीपेक्षा (रजिस्ट्रीच्या स्टँप ड्युटीसाठी सरकार ठरवतं त्या किमतीपेक्षा) जास्त असू नये. २००१ ची गाइडलाइन उपपंजीयक कार्यालयातून काढता येते. नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून अहवाल करून घेतलात तर पुढे वाद राहत नाही. त्याची फी वाचणाऱ्या कराच्या मानाने किरकोळ असते.

ती सोय कोणती? चार लाखांचं काय ते नीट सांगा.

नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी मूळ सूट, म्हणजे ज्या उत्पन्नापर्यंत करच नाही ती मर्यादा, ४ लाख रुपये आहे. जमिनीच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वेगळ्या दराने कर लागतो. तरीही कलम ११२ म्हणतं की भारतात निवासी असलेल्या व्यक्तीचं बाकी उत्पन्न या मूळ सुटीपेक्षा कमी असेल, तर उरलेली सूट या नफ्यातून वजा करायची आणि राहील त्यावरच कर लावायचा.

समजा, एका गृहिणीला प्लॉटवर १० लाखांचा दीर्घ मुदतीचा नफा झाला आणि दुसरं उत्पन्न काही नाही. १० मधून ४ गेले, ६ लाख राहिले. त्यावर १२.५ टक्के म्हणजे ७५,००० आणि ४ टक्के उपकर ३,०००, एकूण ७८,००० रुपये.

तिलाच एफडीचं वर्षाला दीड लाख व्याज असेल, तर दीड लाख सूट व्याजाने खाल्ली. नफ्यासाठी अडीच लाखच उरले, म्हणून कर साडेसात लाखांवर. पेन्शन असेल तर आधी ७५,००० ची प्रमाणित वजावट घ्या. कुटुंब निवृत्तिवेतन असेल तर त्यातून एकतृतीयांश किंवा २५,००० यांपैकी कमी असेल ती रक्कम वजा होते. मग उरलेली सूट मोजा. पीपीएफ, एलआयसी, आरोग्य विमा यांच्या वजावटी या नफ्यातून कधीच मिळत नाहीत, कोणत्याही प्रणालीत नाहीत. मार्चमध्ये घाईघाईने विमा उतरवून जमिनीचा कर कमी होणार नाही, एजंट काहीही म्हणो.

आजींचं वय ८० च्या पुढे असेल तर जुनी प्रणाली निवडून बघा. तिथे त्यांची मूळ सूट ५ लाख आहे, म्हणजे आणखी एक लाखावरचा कर वाचतो. त्यासाठी रिटर्न मुदतीत भरावं लागतं; निवड त्यातच नोंदवायची असते.

बारा लाखांपर्यंत कर नाही असं टीव्हीवर सांगत होते. माझा नफा तर नऊच लाख आहे!

सर्वांत जास्त गैरसमज याच वाक्याने केला आहे. १२ लाखांचं जे सांगतात ती कलम ८७ ए ची सवलत, कमाल ६०,००० रुपयांची. ती फक्त नेहमीच्या स्लॅब दराने लागणाऱ्या करातून मिळते. जमिनीच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर विशेष दर लागतो, म्हणून नव्या प्रणालीत त्या कराला ही सवलत नाही. तुमचं गणित ९ वजा ४, उरलेल्या ५ लाखांवर १२.५ टक्के, असंच होणार.

मग "दोन वर्षं थांब, कर कमी लागेल" हा सल्ला बरोबर ना?

पगारदार, तीस टक्क्यांच्या स्लॅबमधल्या मेहुण्यासाठी बरोबर. तुमच्यासाठी कदाचित अगदी उलटा.

जमीन २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवून विकली की नफा दीर्घ मुदतीचा, त्याआधी विकली की अल्प मुदतीचा. अल्प मुदतीच्या नफ्यावर साध्या स्लॅबने कर लागतो आणि साधा स्लॅब म्हटला की ८७ ए ची सवलत लागू. ज्याला दुसरं उत्पन्न नाही त्याचा ७ लाखांचा अल्प मुदतीचा नफा नव्या प्रणालीत असा: पहिल्या ४ लाखांवर काही नाही, पुढच्या ३ लाखांवर ५ टक्के म्हणजे १५,०००, आणि सवलतीने तेही माफ. कर शून्य. तोच माणूस सल्ला ऐकून २४ महिने उलटू देतो आणि मग त्याच नफ्याने विकतो, तर ३ लाखांवर १२.५ टक्के आणि उपकर मिळून ३९,००० भरतो.

म्हणून एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत राहणार असेल, तर सौदा करण्याआधी दोन्ही बाजूंनी गणित मांडा. अर्थात चांगला भाव मिळत नसताना केवळ करासाठी घाईने विकणं शहाणपणाचं नाही. आणि दर वर्षी दोन-तीन प्लॉट घ्यायचे-विकायचे असं चालू असेल, तर आयकर खातं त्याला धंदा म्हणू शकतं. मग हे सगळे नियम बाजूला राहतात.

साडेबारा टक्के घ्यायचे की इंडेक्सेशनसह वीस टक्के?

जमीन २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेली असेल आणि विकणारा निवासी असेल, तर दोन्ही पद्धतींनी कर काढायचा आणि कमी येईल तो भरायचा. त्या तारखेनंतर घेतलेल्या जमिनीला हा पर्याय नाही, सरळ १२.५ टक्के.

इंडेक्सेशन म्हणजे महागाईच्या सरकारी निर्देशांकाने खरेदी किंमत वाढवून धरणं. २००१-०२ चा निर्देशांक १००, २०१०-११ चा १६७, २०२५-२६ चा ३७६. आता २०१०-११ मध्ये ८ लाखांना घेतलेला प्लॉट १८ लाखांना विकला. साधा नफा १० लाख आणि त्यावर वर पाहिलेला ७८,००० कर. पण ८ लाखांना ३७६ ने गुणून १६७ ने भागलं की १८,०१,१९७ येतात. म्हणजे महागाई धरली तर नफा झालाच नाही आणि कर शून्य. (वरच्या १,१९७ रुपयांचा तोटा मात्र कुठे दाखवून वजा करता येत नाही.)

याउलट २००५-०६ मध्ये २ लाखांना घेतलेली जमीन, निर्देशांक ११७. ती ४० लाखांना गेली तर इंडेक्सेशनने किंमत साडेसहा लाखांच्याही आतच राहते. तिथे १२.५ टक्केच परवडतात: ३८ लाखांतून ४ वजा, ३४ लाखांवर ४,२५,००० आणि उपकर १७,०००. ढोबळ अंदाज हवा असेल तर २०१०-११ च्या खरेदीला भाव साधारण सव्वाचार पटीच्या वर गेला असेल तर साडेबारा बरे, खाली असेल तर वीस. सुपर कॉरिडॉर किंवा बायपासकडे जुनी जमीन असलेल्यांना बहुधा पहिलाच पर्याय लागू पडतो.

आम्ही चार भावंडं. दोघी बहिणी हक्कसोड करून देणार आहेत. आधी सगळं एका भावाच्या नावावर करून मग विकलं तर सोपं नाही का?

रजिस्ट्रीला सोपं, कराला महाग. नफा १६ लाखांचा असेल आणि एकाच नावावर असेल, तर १२ लाखांवर कर: १,५६,०००. चौघांच्या नावावर नामांतरण करून चौघांनी मिळून विकलं तर प्रत्येकाचा नफा ४ लाख, आणि कोणाचंच दुसरं उत्पन्न नसेल तर कर शून्य. ज्याचं उत्पन्न आहे त्याच्या वाट्याला अर्थातच त्याच्या हिशोबाने लागेल.

पैसे मात्र खरोखर ज्याच्या त्याच्या खात्यात गेले पाहिजेत. मग बहिणीला भावाला काही द्यायचं असेल तर तिने खुशाल द्यावं. बहिणीने भावाला दिलेल्या भेटीवर कर नाही. माझं मत विचाराल तर बहिणीची सही आधी घेऊन ठेवण्याची जी घाई आपल्याकडे चालते, तिच्यावरचा हा एक चांगला उतारा आहे.

प्लॉट बायकोच्या नावावर आहे, पैसे मी भरले होते. तिचं उत्पन्न शून्य, म्हणजे तिची सूट मिळेल ना?

मिळणार नाही. नवऱ्याच्या पैशाने, मोबदला न देता घेतलेल्या मालमत्तेचा नफा कलम ६४ प्रमाणे नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवला जातो. तिने स्वतःच्या पगारातून, माहेरच्या पैशातून किंवा दागिने विकून घेतला असेल तर नफा तिचा; पण बँकेची नोंद किंवा दुसरा कागद दाखवता आला पाहिजे. हा नियम नवरा-बायको, सासू-सासऱ्यांकडून सून आणि अज्ञान मुलं यांच्यापुरता आहे. आई-वडिलांना किंवा सज्ञान मुलाला दिलेल्या जमिनीचा नफा त्यांचाच धरतात.

आमची तर शेतीची जमीन आहे. शेतीवर कर नसतो ना?

गावाकडची शेतजमीन विकल्याचा नफा करपात्र नाही, हे खरं. "गावाकडची" कोणती, ते मात्र अंतरावर ठरतं, पटवाऱ्याच्या बोलण्यावर नाही. नगरपालिका किंवा छावणी परिषदेच्या हद्दीत असेल आणि तिथली लोकसंख्या १०,००० किंवा जास्त असेल तर ती शहरी. हद्दीबाहेरही, लोकसंख्या १ लाखापर्यंत असेल तर २ किलोमीटर, १ ते १० लाख असेल तर ६ किलोमीटर आणि १० लाखांच्या वर असेल तर ८ किलोमीटरपर्यंतची जमीन शहरीच. अंतर रस्त्याने मोजायचं नाही, नकाशावर सरळ रेषेत.

इंदूर १० लाखांच्या कितीतरी पुढे, म्हणून महापालिकेच्या हद्दीपासून ८ किलोमीटर. ही हद्दही जुनी धरू नका; २०१४ मध्ये आसपासची २९ गावं महापालिकेत आली आणि ८ किलोमीटरची रेषाही तेवढी बाहेर सरकली. जमीन इंदूरपासून लांब पण देवास किंवा पीथमपूरजवळ असेल तर तिथलं ६ किलोमीटरचं मोजमाप लागतं. दोन्ही जागी २०११ च्या जनगणनेत वस्ती १ लाखाच्या वर होती. महूच्या छावणीभोवती २ किलोमीटर.

अंतरात सुटलात तरी जमीन खरोखर शेतीची हवी. खसऱ्यात (जमिनीच्या सरकारी नोंदीत) पिकाची नोंद, ऋणपुस्तिका (जमीनधारकाचं खातेपुस्तक) आणि तहसीलचा अंतराचा दाखला जपून ठेवा. डायव्हर्शन करून प्लॉट पाडून विकलेत तर ती शेतजमीन राहिली नाही.

शहरी ठरलेल्या शेतजमिनीवर तुम्ही किंवा आई-वडिलांनी आधीची दोन वर्षं शेती केली असेल, तर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेऊन कलम ५४ बी खाली नफा वाचवता येतो. आणि रस्त्यासाठी वगैरे सरकारने २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली जमीन घेतली असेल तर त्या मोबदल्यावर आयकर नाही. तसं परिपत्रक २५ ऑक्टोबर २०१६ ला निघालं आहे. कोणत्या कायद्याखाली घेतली ते निवाड्याच्या कागदावर वाचा.

खरा सौदा गाइडलाइनपेक्षा कमी भावात झाला. कर कशावर?

दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. गाइडलाइन ३० लाख आणि सौदा २८ लाख, तर २८ च धरतील. सौदा २६ लाख असेल तर कलम ५० सी प्रमाणे ३० लाखांनाच विकली असं मानून नफा काढतात, आणि फरकावर खरेदीदारालाही कर लागतो. नाला, वाद, रस्ता नसणं अशा कारणाने भाव खरंच कमी आला असेल तर प्रकरण मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवण्याची मागणी करता येते. सौद्याच्या वेळी बयाणा बँकेतून घेतला असेल तर रजिस्ट्रीच्या नव्हे, त्या कराराच्या दिवशीची गाइडलाइन धरता येते. एप्रिलमध्ये दर वाढतात तेव्हा हे फार उपयोगी पडतं.

थोडी रक्कम रोख घेतली तर?

जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली की घेतली तेवढाच दंड होऊ शकतो. घेऊ नका.

कर वाचवायला सगळे पैसे बाँडमध्ये टाका, असं बँकेतला मुलगा म्हणतो.

सगळे कशाला? कलम ५४ ईसी खाली आरईसी, पीएफसी, आयआरएफसी या सरकारी कंपन्यांचे रोखे (बाँड) विक्रीपासून सहा महिन्यांत घेता येतात, कमाल ५० लाख, आणि पैसे पाच वर्षं अडकतात. पण तुमच्याकडे ४ लाखांची सूट शिल्लक आहे. नफा १४ लाख असेल तर १० लाखांचे रोखे पुरेत. उरलेल्या ४ लाखांवर तसाही कर नव्हता. व्याज सव्वापाच टक्क्यांच्या आसपास मिळतं, एफडीपेक्षा कमी. तरी १० लाखांवर १,३०,००० कर लगेच वाचतो, म्हणून पाच वर्षं पैसे लागणार नसतील तर रोखे परवडतात. मुलीचं लग्न किंवा ऑपरेशन तोंडावर असेल तर कर भरून पैसा हाताशी ठेवलेला बरा.

आणि घर घेतलं तर?

कलम ५४ एफ. इथे नफा नाही, विक्रीची निव्वळ रक्कम घरात घालायची असते. विक्रीच्या एक वर्ष आधी ते दोन वर्षं नंतर खरेदी, किंवा तीन वर्षांत बांधकाम. विक्रीच्या दिवशी नावावर एकापेक्षा जास्त घरं नसावीत. एक असेल तर चालतं.

पूर्ण रक्कम गुंतवली नाही तर सूट प्रमाणात मिळते. ३० लाखांना विकला, नफा २४ लाख, फ्लॅटला २० लाख घातले: सूट १६ लाख, उरले ८, त्यातून मूळ सूट ४, बाकी ४ लाखांवर ५२,००० कर. २५ लाख घातले असते तर सूट २० लाख आणि कर शून्य. शेवटचे पाच लाख हातात राहिले असते. रिटर्नच्या मुदतीपर्यंत घर झालं नसेल तर तेवढी रक्कम बँकेतल्या भांडवली नफा खात्यात ठेवा. साध्या बचत खात्यात पडून राहिली तर सूट जाते.

मुलगा अमेरिकेत आहे आणि जमिनीत त्याचाही हिस्सा आहे.

त्याला ४ लाखांची सोय नाही, इंडेक्सेशनचा पर्यायही नाही. शिवाय खरेदीदाराने त्याच्या हिश्श्यावर टीडीएस (पैसे देतानाच कापून घ्यायचा कर) कापायचा असतो, रक्कम कितीही असो. आधी आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला काढला नाही तर नको तेवढा पैसा अडकतो.

खरेदीदाराने एक टक्का कापून घेतला. तो गेला का?

गेला नाही, तुमच्या पॅनवर जमा झाला. सौदा किंवा गाइडलाइन ५० लाख किंवा जास्त असेल तर ही कपात होते, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्या विक्रेत्यांची मिळून रक्कम बघतात. चार भावंडांना पंधरा-पंधरा लाख मिळाले तरी ६० लाखांचा सौदा म्हणून कपात होणारच. रिटर्न भरून परतावा घ्या. रजिस्ट्रीआधी एक काम करा: आईचं पॅन आधारशी जोडलेलं आहे का ते बघा. निष्क्रिय पॅन असेल तर एकाऐवजी वीस टक्के कापतात.

कर कधी भरायचा?

साठीच्या पुढच्या आणि धंद्याचं उत्पन्न नसलेल्या निवासी व्यक्तीला आगाऊ कर (वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा कर) नाही; रिटर्नबरोबर भरला तरी चालतो. बाकीच्यांनी, कर १०,००० किंवा जास्त होत असेल तर, विक्रीनंतरच्या पुढच्या हप्त्यापासून आणि उशिरात उशिरा ३१ मार्चपर्यंत भरावा, नाहीतर व्याज लागतं. दोन प्लॉट विकायचे असतील तर एक मार्चमध्ये आणि दुसरा एप्रिलमध्ये विका. दोन आर्थिक वर्षं, दोनदा सूट.

त्या वर्षी बँकेत १५ जी किंवा १५ एच (व्याजावर कर कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म) सवयीने भरून देऊ नका. त्यावर तुम्ही "माझा कर शून्य आहे" असं लिहून देता, आणि जमिनीवर कर लागणार असेल तर ते खोटं ठरतं.

कर शून्य आला. तरी रिटर्न भरायचं?

५४ एफ किंवा ५४ ईसीची सूट घेण्यापूर्वीचं उत्पन्न मूळ सुटीच्या वर असेल तर भरावंच लागतं, अंतिम कर शून्य असला तरी. फॉर्म आयटीआर-२ भरायचा; आयटीआर-१ मध्ये जमिनीचा नफा दाखवता येत नाही. मुदत ३१ जुलै २०२६. ३० लाख किंवा त्यावरच्या रजिस्ट्रीची माहिती पंजीयक कार्यालयाकडून आयकर खात्याला आपोआप जाते आणि तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात दिसते, तेव्हा गावाकडची करमुक्त शेतजमीन विकली असेल तरी रिटर्न भरून ती दाखवलेली बरी. जुनी रजिस्ट्री, नवी रजिस्ट्री, दलालीची पावती आणि २००१ चा मूल्यांकन अहवाल एकाच फाइलमध्ये ठेवा. नोटीस आलीच तर तेवढंच मागतात.